आकाश कोणते, विमान कोणते

जत्रेतल्या फोटोवाल्याचे पुठ्ठ्याचे विमान आमच्या पिढीतील बहुतेकांना आठवत असेल. मागे कापडावर रंगवलेले ढग, एका कोपऱ्यात पंचक्रोशीत कोठेही नसलेला एक मनोरा, आणि पुढे लाकडी चौकटीवर ठोकलेले, तोंडाला भिंगरीसारखा पंखा असलेले विमान. आमच्या घरी तसा एक फोटो आहे. वडील आणि दोन काका त्या विमानात बसले आहेत. तिघांचे चेहरे इतके गंभीर, की जणू हे गृहस्थ आता खरोखरच समुद्र ओलांडून जाणार आहेत. विमानाखालून चुलतकाकांच्या वहाणा दिसतात. त्या फोटोला घरात कधी कोणी खोटा म्हटले नाही. आणि खरा तरी कोण म्हणणार?

दुसराही एक प्रकार आपल्या घराघरांतून होता. आजोबा १९४० च्या सुमारास गेलेले, आजी पुढे तीस वर्षे राहिलेल्या. परंतु दिवाणखान्यातल्या तसबिरीत दोघे शेजारी शेजारी बसलेले. स्टुडिओवाल्याने दोन वेगळ्या फोटोंची कलाकुसरीने जोडणी करून वरून ब्रशाने शाल सारखी केलेली असे. आजोबा तिशीचे आणि आजी साठीच्या, हे लक्षात येऊनही कोणी त्याबद्दल बोलत नसे. ती जोडणी कोणाला फसविण्यासाठी नव्हती. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, की असे बसणे या दोघांच्या नशिबी कधी आलेच नाही.

या दोन्ही तसबिरींची आठवण होण्याचे कारण, गेल्या पावसाळ्यात आपल्या सिल्वासातील एका छोट्या सभागृहात भरलेले प्रदर्शन. आपल्यापैकीच एका जुन्या घरातला, येथील औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एक तरुण रिकाम्या वेळात जुन्या लढाऊ विमानांची जोडचित्रे करतो. जोडचित्र हा शब्द आम्ही सोयीसाठी वापरीत आहोत. संग्रहालयात चबुतऱ्यावर उभ्या असलेल्या विमानाचा फोटो काढावयाचा, संगणकावर त्याची पार्श्वभूमी पुसून टाकावयाची, वेगळ्या ठिकाणी घेतलेला आकाशाचा आणि जमिनीचा फोटो त्याच्या मागे बसवावयाचा, आणि ते विमान पुन्हा उडत आहे असा देखावा निर्माण करावयाचा, असे या कलेचे स्थूल स्वरूप आहे. त्या तरुणाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. त्याने स्वतःच तशी विनंती केली आहे, आणि पुढे जे लिहावयाचे आहे ते पाहता ती योग्यही आहे. प्रदर्शनात एकंदर अकरा चित्रे होती. त्यांपैकी तिघांविषयीच लिहावे असे वाटते.

प्रथम हे काम किती अवघड आहे ते सांगितले पाहिजे, कारण प्रदर्शन पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी ‘आता काय, सगळे संगणकच करतो’ असे म्हणून चित्रांकडे पाठ फिरवली. उभे विमान आणि उडते विमान या वस्तुतः दोन निराळ्या वस्तू आहेत. उभ्या विमानाचे सारे वजन चाकांवर असते आणि पंख आपल्या भाराने किंचित खाली झुकलेले असतात. हवेत गेल्यावर तेच पंख विमानाचा भार उचलतात, म्हणून त्यांची टोके वर उचलली जातात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या यंत्रात तेलाचा दाब उरत नाही, त्यामुळे चाकांच्या कप्प्यांची दारे लोंबतात, पंखांच्या मागच्या झडपा ढळतात. बैठक रिकामी असते. पंख्याचे विमान असेल तर पंख्याची पाती स्वच्छ मोजता येतात, आणि उडत्या विमानात ती मोजता आली तर चित्र तेथेच मेले. शिवाय संग्रहालयात जागा अपुरी असल्याने फोटो जवळून, रुंद भिंगाने घ्यावा लागतो. मग नाक फुगते, शेपूट आखडते. दुसऱ्या विमानातून काढलेल्या खऱ्या फोटोत असे सहसा होत नाही. हे सर्व एकेक करून दुरुस्त करावयाचे म्हणजे महिना-दीड महिना सहज जातो. आम्ही त्या तरुणाच्या घरी बसून एक संपूर्ण संध्याकाळ केवळ एक चाक पुसण्याचे काम पाहिले आहे. चाक पुसणे सोपे; चाकामागे विमानाच्या पोटाचा जो भाग फोटोत आलेलाच नाही, तो निर्माण करणे कठीण.

पहिले चित्र वापिती विमानाचे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे भारतीय वायुदलाचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले, ते या दुपंखी, उघड्या बैठकीच्या विमानांवर. दिल्लीस पालमच्या वायुसेना संग्रहालयात त्यांपैकी एक जपून ठेवलेले आहे. चित्रकाराने त्याला वायव्येकडील उघड्याबोडक्या डोंगरांवर नेले आहे. पंख्याचे वर्तुळ त्याने धुरकट केले, पण सरसकट नाही. उजेडाच्या बाजूला पात्यांची एक फिकट झळाळी ठेवली. ही जाणकारी आहे. बैठका मात्र दोन, आणि दोन्ही रिकाम्या. तेथे त्याने आपल्या मामेभावाला चामड्याची टोपी घालून गच्चीवर बसवले व दोन वेळा त्याचाच फोटो काढून दोन्ही जागा भरल्या. वैमानिक आणि मागचा बंदूकवाला हे जुळे भाऊ वाटतात, हे एक वेळ सोडून देऊ. गच्चीवरचा उजेड डावीकडून आणि विमानावरचा उजवीकडून, हे सोडता येत नाही. एकाच आकाशाखाली दोन सूर्य असू शकत नाहीत. या चित्राला आम्ही ‘चांगला प्रयत्न’ यापलीकडे गुण देणार नाही.

दुसरे चित्र ‘तुफानी’चे, आणि ते आमच्या मते प्रदर्शनातील सर्वोत्तम. फ्रेंच बनावटीची ही विमाने आपल्या वायुदलात १९५३ पासून येऊ लागली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव या तिन्ही ठिकाणी कारवाई सुरू झाली, तेव्हा दीववरील हल्ला जामनगरहून निघालेल्या तुफानींनी केला. चित्रात पहाट नुकतीच उलटली आहे. खाली दीवचा किल्ला आणि समुद्राची पांढरी कड. विमान वायव्येकडून येते आहे. जामनगर दीवच्या वायव्येस आहे आणि डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, म्हणजे विमानाचे नाक उन्हात आणि शेपूट सावलीत असावयास हवे. तसेच ते आहे. पंखांच्या टोकांवरील इंधनाच्या टाक्यांवर उन्हाची एक बारीक रेघ आहे, ती पाहून आम्ही दोनदा परत फिरलो. आकाशही डिसेंबरचे, कोरडे, क्षितिजाशी थोडे मळकट. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या सकाळी गेलेल्या कोणालाही ते ओळखू येईल. चित्रकार त्यासाठी स्वतः डिसेंबरात दीवला जाऊन राहिला होता. एकच उणीव सांगतो. विमानाच्या पोटावर संग्रहालयाच्या फरशीचा पिवळसर उजेड तसाच राहिला आहे. समुद्रावर उडणाऱ्या विमानाच्या पोटाला पाण्याचा निळा-करडा उजेड लागतो. म्हणजे ते विमान दीववर पोहोचले खरे, पण पोटाखाली पालमची फरशी घेऊन.

विमानांची जोडचित्रे ही संगणकाची देणगी आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने खंदकांतून निघणारे सैनिक, फुटणारे गोळे आणि डोक्यावरची विमाने हे सारे बारा निगेटिव्ह जोडून एका चित्रात आणले. १९१८ मध्ये लंडनला ती जोडणी भिंतीएवढी मोठी करून टांगली होती. युद्धाचा अधिकृत इतिहास लिहिणारे चार्ल्स बीन यांनी अशा चित्रांना सरळ बनावट म्हटले व दोघांचे जन्माचे वाकडे आले. हर्लीचे म्हणणे असे, की युद्ध एका निगेटिव्हमध्ये मावत नाही. त्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात येवगेनी खाल्देई या सोविएत छायाचित्रकाराने मूर्मान्स्ककडील बर्फाळ रानात उभ्या असलेल्या एका रेनडिअरच्या फोटोत हरिकेन विमाने आणि बॉम्बचा धुराळा मागाहून जोडला. तो प्राणी तोफांच्या आवाजाला भिऊन माणसांजवळ आला, ही गोष्ट खरी. विमाने त्या क्षणी त्या जागी होती, ही खोटी.

या दोघांच्या पुढची पायरी म्हणजे १९३३ मध्ये लंडनला निघालेले एक पुस्तक. एका अनाम वैमानिकाची युद्धातील रोजनिशी आणि त्याने विमानाला कॅमेरा बांधून घेतलेले हवाई झुंजीचे फोटो, असे त्याचे स्वरूप. एकमेकांवर आदळणारी विमाने, पेटलेल्या विमानातून कोसळणारा माणूस, असे काही कोणी पूर्वी पाहिलेच नव्हते. पन्नास वर्षे ते फोटो पुस्तकांतून फिरले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वायु व अवकाश संग्रहालयातील अभ्यासकांनी त्यांचा उगम शोधला, तो वेस्ली आर्चर या माजी वैमानिकाच्या घरातल्या लहान लहान नमुना-विमानांत. तारांनी टांगलेली विमाने, आणि निगेटिव्हवरून खरवडून पुसलेल्या तारा! कारागिरी उत्तम होती. हर्लीने निदान आपले नाव लावले होते. आर्चरने एका वैमानिकाची कल्पित विधवा पुढे केली.

आमच्याकडचे उदाहरण द्यावयाचे तर दादासाहेब फाळक्यांना विसरून चालणार नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी मारुतीला आकाशातून उडविले, आणि अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम व सीता अशी दोन्ही कामे करवून घेतली. प्रेक्षकांनी पडद्यासमोर हात जोडले, ते रामाला. कोणत्याही पुराव्याला नव्हे. पडदा आहे, तिकीट काढले आहे, खेळ आहे, हे जाणूनच ते बसले होते. आमच्या दिवाणखान्यातल्या आजोबा-आजींच्या तसबिरीचे आणि फाळक्यांच्या मारुतीचे कुळ एक. आर्चरचे कुळ वेगळे. हा फरक डोळ्यांपुढे ठेवून आता तिसऱ्या चित्राकडे वळतो.

तिसरे चित्र सर्वांत मोठे होते, आणि गर्दीही त्याच्याच पुढे. खाली सिल्वासा, दमणगंगेचे वळण, हिरवी शेते. वर स्वच्छ निळ्या आकाशात तीन हंटर विमाने. खाली पाटी: ‘मुक्तिदिन, २ ऑगस्ट १९५४’.

चित्राची बांधणी निर्दोष आहे, तुफानीच्या चित्रापेक्षाही सरस. नदीच्या पाण्यात विमानाची अंधुक छाया पडली आहे. परंतु आमच्या नोकरीची तेहतीस वर्षे महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात, जव्हार-डहाणूकडच्या कचेऱ्यांत गेली. तेथे नकलेवर सही करण्यापूर्वी मूळ कागद समोर लागतो, आणि ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे लिहिले की त्याखाली ज्याची सही, त्याची मान अडकते. त्या सवयीने आम्ही हे चित्र पाहिले, आणि एकही अस्सल कागद हाती लागेना. हंटर विमाने आपल्या वायुदलात आली ती १९५७ मध्ये. २ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. त्या दिवसांत या मुलखात असे धुतलेले आकाश मागून मिळत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दादरा व नगर हवेलीच्या मुक्तीत वायुदलाने भागच घेतला नाही. २१-२२ जुलैच्या रात्री दादरा, महिनाअखेरीस नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा, हा सारा प्रवास स्वयंसेवकांनी पायी, चिखल तुडवीत केला. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, पुण्याकडून आलेले सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजाभाऊ वाकणकर ही नावे येथील जुन्या घरांना सांगण्याची गरज नाही. कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला शरण आला. डोक्यावर विमान नव्हते. किंबहुना विमान नसणे हाच या घटनेचा गाभा होता.

हे भावनेपोटी म्हणत नाही. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध खटला भरला, तो या एवढ्याशा मुलखासाठी. दमणहून दादरा व नगर हवेलीपर्यंत भारतीय भूमीतून जाण्याचा आपला हक्क भारताने अडवला, ही त्याची तक्रार. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले आणि न्यायाधीशांत भारतातर्फे महंमदअली छागला बसले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांपुरता पोर्तुगालचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांपुरता नाही. आणि १९५४ मध्ये भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असे ठरले. आता कल्पना करावी, की त्या वेळी हेगमध्ये कोणी एक फोटो पुढे केला आहे, आणि त्यात सिल्वासावर भारतीय वायुदलाची तीन विमाने आहेत! पोर्तुगालच्या वकिलांना याहून मोलाचा कागद मिळाला नसता. आपल्याच मुलाने, आपल्याच प्रेमापोटी, आपल्याच विरुद्ध पुरावा तयार केला, असे या चित्राचे वर्णन आम्ही चित्रकारासमोरच केले. तो क्षणभर हसला आणि मग हसायचा थांबला.

चित्र भिंतीवर राहिले असते तर हा लेख कदाचित लिहिला नसता. परंतु मोबाइलवरून त्याचा फोटो फिरला. फिरताना खालची ‘संगणकीय रचना’ ही बारीक अक्षरांतील ओळ कापली गेली व ‘मुक्तिदिन’ तेवढे राहिले. एका शाळेतील निबंधांत ‘विमानांनी सिल्वासा मुक्त केले’ असे वाक्य आल्याचे आमच्या कानावर आले. मुलांचा दोष नाही. डोळ्यांनी पाहिलेले आहे.

त्याहून अधिक अस्वस्थ केले ते आमच्या शेजारच्या काकूंनी. त्यांचे वय आज ब्याऐंशी; १९५४ साली त्या दहा वर्षांच्या होत्या. फोटो पाहून त्या म्हणाल्या, “हो रे, मला आठवते ना! घराच्या वरून गेली विमाने. केवढा आवाज! आई म्हणाली, आत ये.” काकू खोटे बोलणाऱ्या नव्हेत. आम्ही पुष्कळ जबाब घेतले आहेत. माणूस आठवून बोलतो आहे की रचून, ते कळते. म्हणून हळूच विचारले, “काकू, तेव्हा पाऊस होता का हो?”

“पाऊस कुठला? मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. उन्हाला पाठ करून.”

वालाच्या शेंगा ऑगस्टात नसतात. त्या थंडीतल्या. मग उलगडा झाला. १८ डिसेंबर १९६१ रोजी पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीने दमणवर चाल केली, आणि दिवसभरात मिस्टेर विमानांनी पोर्तुगीज तोफांवर चौदा फेऱ्या मारल्या. दमण येथून पंचवीस-तीस किलोमीटर. काकूंनी विमाने ऐकली असणार, कदाचित पाहिलीही असणार, पण सतराव्या वर्षी, दमणच्या दिवशी. आमच्या तरुण मित्राच्या चित्राने त्यांची ती सकाळ उचलली आणि सात वर्षे मागे नेऊन पावसाळ्यात ठेवली. त्यात दमणच्या मुक्तीची एक साक्षही गेली आणि सिल्वासाच्या मुक्तीचा चिखलही गेला. आम्ही त्यांना हे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, परंतु “असेल बाबा” यापलीकडे काही म्हटले नाही. परवा त्यांच्या नातवाला त्या हीच हकीकत सांगत होत्या. साल १९५४ च होते.

या कलेला आमचा विरोध आहे असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. तुफानी आता उडणार नाही, वापिती उडणार नाही. आमच्या वायुदलातील कॅनबेरा विमानेही २००७ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्या उड्डाणाचे फोटो थोडे, बहुतेक काळे-पांढरे आणि धूसर. दीवच्या चित्रासमोर उभे राहिल्यावर जो रोमांच आला, तो आम्ही नाकारणार नाही. राजा रविवर्म्याने जटायू पाहिला नव्हता, तरी जटायूचे चित्र काढण्याचा त्याला अधिकार होताच. फरक इतकाच, की रंगाचे चित्र आपण चित्र म्हणून पाहतो आणि फोटोला मात्र आपण नकळत साक्षीदार मानतो. ज्याने साक्षीदाराचा वेश घेतला, त्याने साक्षीदाराची शपथही घेतली पाहिजे. दीवच्या चित्रकाराने ती पाळली आहे: विमान तेच, दिवस तोच, दिशा तीच, आकाश त्याच महिन्याचे. फक्त क्षण जोडलेला. सिल्वासाच्या चित्रात क्षणच काय, सारा प्रसंगच जोडलेला आहे.

आमची सूचना अशी होती, की ‘जोडचित्र’ हा शब्द चित्राच्या आतच, आकाशात, वाचता येईल एवढ्या आकारात लिहावा. म्हणजे कोणी कडा कापल्या तरी तो जाणार नाही. चित्रकाराला हे मुळीच मान्य नाही. त्याचे उत्तर: “काका, तुमच्या कचेरीचा शिक्का मी माझ्या आकाशावर मारणार नाही.” उत्तर चांगले आहे, आणि त्याला काय म्हणावे ते आम्हाला अजून सुचलेले नाही. आजी-आजोबांच्या तसबिरीवर तरी कोठे शिक्का होता? परंतु ती तसबीर घराबाहेर गेली नव्हती. सिल्वासाचे चित्र मात्र त्याने आपण होऊन उतरवले आहे, आणि मूळ संगणकावरूनही काढून टाकले आहे असे तो सांगतो. मोबाइलवर ते अजून फिरतेच आहे.

सध्या त्याने दाबोळीचे चित्र घेतले आहे. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा विमाने दाबोळीवर गेली व त्यांनी धावपट्टी उखडली. इमारतींना हात लावावयाचा नाही असा हुकूम होता. त्या दिवशी तळावर उभे असलेले एक पोर्तुगीज सुपर कॉन्स्टेलेशन रात्री उखडलेल्या धावपट्टीवरूनच निसटून कराचीला गेले. दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात आज सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. ते मात्र पूर्वी एअर इंडियाचे, नंतर वायुदलाचे आणि मग नौदलाचे. तेच आयते उचलून चित्रात पोर्तुगीज म्हणून उभे करावे, असा मोह त्याला झाला आहे. आम्ही त्याला इतकेच सांगितले, की आधी डिसेंबरात जाऊन तेथील सकाळचे आकाश घेऊन ये. विमानाचे नंतर बोलू. त्याने रजेचा अर्ज दिला आहे.